कुड्याची साल, कलकत्त्याचा कस

कुडा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांनी भरणारे झाड, कोवळ्या शेंगांची भाजी, बियांना इंद्रजव हे नाव, आणि आव पडू लागली की सालीचा काढा. पुढे कुटजारिष्टाच्या बाटलीतून हीच साल शहरातल्या कपाटांत जाऊन बसली. 1920 च्या दशकात ती कलकत्त्याच्या कारमायकेल रुग्णालयातही पोचली, पण तिथला मामला वेगळा होता. ‘गुण येतो’ एवढ्या शिफारशीवर तिथे भागत नसे. आमांशाच्या रुग्णाच्या शौचात अमीबा आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, औषध द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. रुग्णाला बरे वाटले आणि अमीबा मात्र तसाच राहिला, तर औषध नापास.

हे रुग्णालय कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला जोडलेले होते. कोलकात्यात आजही संस्थेला नुसते ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. चित्तरंजन अॅव्हेन्यूवर, मेडिकल कॉलेजच्या कुशीत तिची इमारत आहे. कल्पना लिओनार्ड रॉजर्स या इंग्रज डॉक्टरची. उष्ण प्रदेशातले रोग शिकवणाऱ्या शाळा लंडन आणि लिव्हरपूलला निघाल्या होत्या. रोग इथे आणि शाळा तिथे, असा तो प्रकार. रोनाल्ड रॉसने तर 1898 मध्ये याच शहरात पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांतून होणारा प्रवास उलगडला होता. रॉजर्सने सरकारच्या मागे लकडा लावला, चहाचे मळे आणि ताग गिरण्यांच्या मालकांकडून पैसा उभा केला. मालकांच्या या औदार्यामागचे गणित उघड होते: मजूर तापाने झोपला की मळा थांबतो. 1914 मध्ये बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांनी कोनशिला बसवली, लगेच महायुद्ध लागले आणि काम रखडले. वर्ग सुरू व्हायला 1920-21 उजाडले. तोवर रॉजर्स निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेही होते.

पहिल्या दशकातच संस्थेने नाव काढले. बंगाल-आसामात काळा आजार गावेच्या गावे रिकामी करत होता. प्लीहा फुगते, ताप हटत नाही, अंग काळवंडते. खात्री करून घ्यायची तर प्लीहेत सुई घालून परजीवी शोधायचे, आणि ते जिवावर बेतू शकत असे. संस्थेतल्या एल. ई. नेपियरने सोपा मार्ग काढला. रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, वरचा पिवळसर द्राव वेगळा करायचा, त्यात फॉर्मलिनचे एक-दोन थेंब टाकायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. आजार मुरलेला असेल तर वीसेक मिनिटांत नळीतला द्राव उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट आणि अपारदर्शक होतो. नवा आजार ही चाचणी पकडत नसे, तरी खेड्यातल्या दवाखान्यात फॉर्मलिन आणि काचनळी मिळण्यासारखी होती. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कलकत्त्यातच शोधलेले युरिया स्टिबामाइन किती रुग्णांना वाचवते, याची पारखही नेपियरने इथे केली.

मात्र वनस्पतींसाठी ही संस्था ओळखली गेली ती रामनाथ चोप्रांमुळे. जन्म 1882 चा, गुजराँवालाचा. केंब्रिजमध्ये औषधशास्त्र शिकून ते सैनिकी वैद्यकीय सेवेत आले आणि 1921 मध्ये संस्थेत प्राध्यापक झाले. देशी औषधांबद्दल तेव्हा दोन तट होते. गोऱ्या डॉक्टरांना सगळा झाडपाला म्हणजे भोंदूगिरी वाटे. वैद्य-हकिमांच्या लेखी ग्रंथात आहे म्हणजे सिद्धच आहे. चोप्रा दोघांच्याही पंगतीला बसले नाहीत. त्यांचा सवाल बाजारातला होता. परदेशातून येणारी औषधे गरिबाच्या आवाक्याबाहेर आहेत. मग इथल्या झाडांत खरोखर गुणकारी काय आहे आणि ते स्वस्तात कसे देता येईल?

उत्तर शोधायचा रस्ता लांबचा होता. आधी वनस्पतीची ओळख पक्की करायची, कारण एकाच नावाने बाजारात तीन मुळ्या विकल्या जात. मग रसायनतज्ज्ञ तिच्यातली क्षारद्रव्ये (अल्कलॉइड्स) वेगळी काढी. त्यानंतर जनावरावर प्रयोग, आणि शेवटी वॉर्डातल्या रुग्णावर. जनावरावरच्या प्रयोगाचे यंत्र म्हणजे कायमोग्राफ. गुळगुळीत कागद पत्र्याच्या ढोलावर गुंडाळायचा, धुरकट ज्योतीवर फिरवून त्यावर सारखी काजळी धरायची. बधिर केलेल्या मांजराच्या धमनीत नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडायची. पाऱ्यावर तरंगणाऱ्या काडीच्या टोकाची लेखणी ढोलावर टेकली की काजळी खरवडली जाऊन पांढरी रेघ उमटते. शिरेत औषध गेले, रेघ खाली उतरली. म्हणजे रक्तदाब पडला. प्रयोग संपला की कागद लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवायचा, नाहीतर बोट लागले तरी दिवसाची मेहनत पुसली जायची. औषधनिर्माण शिकलेल्या आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या बोटांना ही काजळी लागलेली आहे.

कुड्याची परीक्षा अशीच झाली. सालीतले कोनेसिन हे द्रव्य 1858 पासून माहीत होते. आमांशावरचा तेव्हाचा हुकमी उपाय एमेटिन. ब्राझीलच्या इपिकाक मुळीतून निघणाऱ्या या औषधाची इंजेक्शने रॉजर्सनेच 1912 मध्ये रूढ केली होती. पण ते अंगात साठते आणि हृदयाला त्रास देते. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1927 पासून कुड्याच्या क्षारद्रव्यांवर निबंध लिहिले. संस्थेतल्याच ह्यू अॅक्टनसोबत त्यांनी कुडा, बिस्मथ आणि आयोडीन यांचे तोंडाने घ्यायचे संयुगही वापरून पाहिले, ते विशेषतः जुनाट आमांशासाठी. साल निकालात उतरली. तरी कहाणी तिथे संपत नाही. पुढे शुद्ध कोनेसिन मोठ्या मात्रेत दिल्यावर झोप उडणे, मन भ्रमिष्ट होणे असे त्रास दिसले, आणि 1960 च्या दशकात मेट्रोनिडाझोल आल्यावर कुडा इस्पितळांतून बाहेर पडला. काढ्यात नव्हते ते संकट शुद्ध द्रव्यात निघाले, हे विशेष.

पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, हिच्यावर 1923 मध्येच काम झाले होते. ती लघवी वाढवते हे खरे ठरले, पण त्यात तिच्यातल्या पोटॅशियमच्या क्षारांचाही वाटा आहे, हेही समोर आले. सातवीणीच्या सालीला एकेकाळी क्विनीनची वारसदार म्हणत. हिवतापाच्या परजीवीपुढे तिचे काही चालले नाही. चोप्रांचा 1933 चा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ अशा होकार-नकारांची वही आहे. माझ्या मते त्यातले नकार जास्त मोलाचे आहेत. आपल्याकडे वनौषधींवरची पुस्तके ढिगाने निघतात, पण ‘अमुक वनस्पती वापरून पाहिली, उपयोग झाला नाही’ हे वाक्य त्यांत शोधून सापडत नाही.

कुष्ठरोगाच्या विभागात अर्नेस्ट म्यूर होते आणि त्यांच्या हाती चौलमोगऱ्याचे तेल. या तेलाचा इतिहास गोंधळाचा आहे. बी ज्या झाडाचे समजून वर्षानुवर्षे वापरले गेले, ते झाड भलतेच होते. शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या डेव्हिड प्रेनने 1901 च्या सुमारास खरे झाड ब्रह्मदेशातले असल्याचे दाखवले. त्याच कुळातली कडू कवठी सह्याद्रीत आणि कोकणात उगवते आणि तिचे तेल तेवढेच कामाचे निघाले. तेल पोटात घेतले की मळमळ उठे, टोचले की गळू धरे. तरीही दुसरे काही नसल्याने हजारो रुग्णांनी ते सोसले. वरोड्याला आनंदवन उभे करण्याआधी बाबा आमटे कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला याच ‘ट्रॉपिकल’मध्ये गेले होते. तोवर सल्फोन औषधे आली होती आणि तेलाचा काळ सरत चालला होता.

संस्था चुकलीही. बंगालमध्ये पाय सुजून माणसे दगावण्याची साथ वारंवार येई. अॅक्टन आणि चोप्रांनी तिचा दोष दमट जागी साठवलेल्या तांदळावर ठेवला. तांदूळ निर्दोष होता. पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले जात होते. लाल आणि रॉय या संशोधकांनी 1937 मध्ये हे सिद्ध केले, तेही शेजारच्याच इमारतीतल्या आरोग्य संस्थेत बसून. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे समजणाऱ्यांनी ही साथ जरूर आठवावी; 1998 मध्ये ती दिल्लीत पुन्हा आली होती.

सर्पगंधेचे प्रकरण मात्र मुंबईपर्यंत पोचले. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला, 1933 मध्ये चोप्रांच्या प्रयोगशाळेने तिच्यातले क्षारद्रव्य तपासले. पण जगाचे लक्ष गेले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या 1949 च्या निबंधामुळे. रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळी इथली, पहिली तपासणी इथली, पुराव्याचा निबंधही इथला. द्रव्य मात्र स्विस कंपनीच्या हाती लागले. पैशाचे आणि रसायनशास्त्राचे बळ जिथे होते तिथे ते गेले, याबद्दल कुणावर रागावण्यात अर्थ नाही, पण हळहळ वाटतेच.

चोप्रांचे एक काम वॉर्डाबाहेरचे होते. बाजारात क्विनीनच्या नावाखाली काहीही विकले जात असे. 1930-31 च्या औषध चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीच्या अहवालातून पुढे 1940 चा औषध कायदा आला. आज गोळ्यांच्या पाकिटावर छापलेला परवाना क्रमांक त्याच कायद्याची देणगी आहे.

‘ट्रॉपिकल’ आता पश्चिम बंगाल सरकारची आहे. ताप, सर्पदंश, काळा आजार यांचे रुग्ण तिथे अजून येतात आणि पदव्युत्तर शिक्षणही चालते. 1983 मध्ये तिथल्या त्वचारोग विभागात आलेल्या खेडुतांच्या अंगावरचे डाग पाहून डॉ. क्षितीशचंद्र साहांनी ओळखले की कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. बंगालच्या भूजलाचे ते भयंकर प्रकरण तिथून उघडकीस आले.

आयुर्वेदिक औषधे 1964 च्या दुरुस्तीने 1940 च्या त्याच औषध कायद्याखाली आली, तरी दुकानात ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असे छापलेल्या बाटल्यांची आजही रांग दिसते. घ्यायच्या आधी कंपनीला पत्र टाकून विचारा: चाचणी किती रुग्णांवर झाली, तुलना कशाशी केली, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचा आकडा कुठे छापला आहे? चोप्रांच्या वॉर्डात कुड्याच्या सालीलाही हेच प्रश्न विचारले जात.