टीप कुठे बसवायची?

पेण तालुक्यातलं वरसई हे एक गाव, पण टिपांचा मागोवा घ्यायला तेवढं पुरतं. १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडलेले विष्णुभट गोडसे इथले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचं जन्मगावही हेच.

राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या जुन्या पत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. जुन्या मोडी पत्रात बहुधा सालच नसतं. 'छ' घालून मुसलमानी महिन्याची तारीख टाकली की लिहिणाऱ्याचं काम संपलं. पत्र पानिपताआधीचं की नंतरचं, हे संपादकाने आतल्या मजकुरावरून ताडायचं. असा तर्क पत्राखालीच छापलेला बरा. राजवाड्यांशी भांडायचं असेल (आणि भांडणारे पुष्कळ होते), तर पुरावा तिथेच हाताशी लागतो.

गोडसेभटजींच्या 'माझा प्रवास'चं नशीब वेगळं. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला, पण भाषा सफाईदार करून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळाला तो १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. मधली जवळजवळ साठ वर्षं लोक भटजींच्या नावावर थोडे वैद्यही वाचत होते! खटकलं ते संपादकाने तळटिपेत खुशाल सांगावं, मजकुराला हात लावू नये.

छापखान्याची अडचण मात्र खरी होती. खिळ्यांच्या काळात तळटीप म्हणजे बारीक टाइप, वर आडवी रेघ आणि ज्या पानावर खूण त्याच पानावर जागा. प्रुफात दोन ओळी वाढल्या की खूण पुढच्या पानावर जाई. मग टीपही तिच्यामागे हलवा आणि पुढची पानं पुन्हा बांधा. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आल्यावर हा व्याप मिटायला हवा होता. पण पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये तळटिपांची आपोआप सोयच नव्हती. वेगळी चौकट करून त्या हाताने बसवाव्या लागत. पुष्कळ टिपा प्रकरणाअखेर गेल्या त्या ऑपरेटरच्या सोयीसाठी, अभ्यासाचा त्यात काही संबंध नव्हता. इनडिझाइन या नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये तळटिपा २००५ मध्ये आल्या, अंत्यटिपा थेट २०१७च्या अखेरीस.

आता सबब उरलेली नाही, तरी टिपा मागेच असतात. प्रत्येक प्रकरणात आकडे पुन्हा एकपासून, त्यामुळे '१२' शोधायला आधी प्रकरण कितवं ते बघून यायचं. निदान टिपांच्या पानांच्या माथ्यावर 'पृष्ठे ४५ ते ६०' एवढं तरी छापावं. त्याला वेगळा खर्च येत नाही.