जिनिव्हाचे दार : बांगलादेश आणि जागतिक आरोग्य संघटना

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा बांगलादेशाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देणारे देश भारत आणि भूतान हे दोनच होते, आणि त्या दोघांची मान्यताही केवळ दहा दिवसांपूर्वीची होती. पुढच्या काही महिन्यांत चित्र झपाट्याने पालटले : ४ एप्रिल १९७२ रोजी अमेरिकेने मान्यता दिली, १८ एप्रिलला राष्ट्रकुलाने नव्या देशाला सामावून घेतले, आणि राष्ट्रकुलातील प्रमुख देश अशी मान्यता देणार हे दिसू लागताच पाकिस्तान जानेवारीतच त्या संघटनेतून बाहेर पडला होता. संयुक्त राष्ट्रसंघाचे दार मात्र बंदच राहिले. २५ ऑगस्ट १९७२ रोजी बांगलादेशाचा अर्ज सुरक्षा परिषदेपुढे आला असता चीनने नकाराधिकार वापरून तो फेटाळला. पेकिंग सरकारला सुरक्षा परिषदेत स्थान मिळून तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि हा त्या सरकारचा पहिलाच नकाराधिकार होता. पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४ मध्ये बांगलादेशाला मान्यता दिल्यावर ही कोंडी फुटली आणि १७ सप्टेंबर १९७४ रोजी तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेचे सदस्यत्व त्याला १९ मे १९७२ रोजीच, म्हणजे तब्बल अठ्ठावीस महिने आधी मिळालेले होते. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात या तारखेचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो, पण रोगनिवारणाच्या इतिहासात तिला मोठे महत्त्व आहे.

एकाच वर्षी एका संघटनेने ज्या देशाला प्रवेश दिला त्याला दुसरीने नाकारावे, याचे कारण दोन्ही संघटनांच्या घटनांमध्ये आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेनुसार नव्या देशाच्या प्रवेशासाठी आधी सुरक्षा परिषदेची शिफारस आणि मग आमसभेचे दोन तृतीयांश मत लागते, आणि शिफारशीच्या पायरीवर पाच कायम सदस्यांपैकी कोणीही एकटा अर्ज रोखू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची घटना २२ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे एकसष्ट देशांच्या प्रतिनिधींनी स्वाक्षरित केली आणि ७ एप्रिल १९४८ पासून ती अमलात आली. सदस्यत्व सर्व राष्ट्रांना खुले राहील हे तत्त्व तिच्या तिसऱ्या कलमातच नोंदवलेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांना ही घटना स्वीकारल्याचे कळवले की पुरते, तर इतर राष्ट्रांसाठी सहाव्या कलमाने अर्जाची वाट ठेवली आहे, आणि हा अर्ज जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या वार्षिक अधिवेशनाने, साध्या बहुमताने मंजूर करायचा असतो. तेथे सुरक्षा परिषद नाही, शिफारशीची पायरी नाही आणि नकाराधिकारही नाही.

घटनाकारांनी हे दार जाणूनबुजून रुंद ठेवले होते. साथीची खबर देणाऱ्या जाळ्यातून एखादा प्रदेश केवळ राजकीय वादापायी वगळला गेला, तर त्याचा फटका त्या प्रदेशाइतकाच त्याच्या शेजाऱ्यांनाही बसतो, हे दोन महायुद्धांच्या काळातील अनुभवाने त्यांना शिकवले होते. तरीही साधे बहुमत म्हणजे आपोआप मिळणारा प्रवेश नव्हे. पूर्व जर्मनीने १९६८ मध्ये अर्ज केला, त्यावरील निर्णय पश्चिमी देशांच्या आग्रहाने वारंवार पुढे ढकलला गेला, आणि बांगलादेशाला प्रवेश देणाऱ्या १९७२ च्या अधिवेशनातही त्या देशाला ताटकळतच राहावे लागले. त्याचे सदस्यत्व ८ मे १९७३ चे आहे. पुढे १९८९ मध्ये पॅलेस्टाइनचा अर्जही असाच लांबणीवर टाकण्यात आला, कारण तो मंजूर झाल्यास संघटनेचा निधी रोखण्याचा इशारा अमेरिकेने दिला होता. घटनेचे शब्द उदार असले तरी मते शेवटी सरकारेच देतात. म्हणून बांगलादेशाच्या बाबतीत मे १९७२ मध्ये सभेने दाखवलेली तत्परता गृहीत धरण्यासारखी नाही. त्याच अधिवेशनात चीनच्या जागेवर पेकिंग सरकारचा हक्क मान्य झाला होता, म्हणजे तीन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये अर्ज रोखणारे सरकार जिनिव्हातही सदस्य होते. मात्र तेथे त्याच्या हाती इतरांसारखेच एक मत होते.

या तत्परतेची निकड समजण्यासाठी १९७१ च्या निर्वासित छावण्यांकडे वळावे लागते. मार्च १९७१ नंतर सुमारे एक कोटी माणसे पूर्व पाकिस्तानातून भारतात आली. पावसाळ्याबरोबर छावण्यांत पटकीची साथ पसरली, आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तेथील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. ज्या संशोधनावर हा उपाय उभा होता, त्याचा मोठा भाग ढाक्यातील पटकी संशोधन प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात झालेला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पटकीपेक्षा दूरगामी ठरला तो देवीचा रोग. पूर्व पाकिस्तानात देवीचा शेवटचा रुग्ण ऑगस्ट १९७० मध्ये नोंदला गेला होता, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा हा प्रदेश देवीमुक्त होता. परंतु कलकत्त्याजवळील सॉल्ट लेक येथील प्रचंड छावणीत देवी शिरली, सुरुवातीला ती कांजिण्या समजली गेली, आणि योग्य निदान होईतो स्वातंत्र्याच्या आनंदात निर्वासितांच्या परतीच्या रांगा लागल्या होत्या. जानेवारी १९७२ पासून घरी निघालेल्या माणसांबरोबर देवीही सीमा ओलांडून गेली, आणि खुलना जिल्ह्यात व इतरत्र तिने पुन्हा मूळ धरले. प्रशासन मोडलेले, पूल उडवलेले, दवाखाने ओस पडलेले, अशा देशात पुन्हा शून्यापासून मोहीम उभारायची होती.

या ठिकाणी सदस्यत्वाचा प्रश्न औपचारिकतेच्या पलीकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जगाचे सहा विभाग केलेले आहेत, आणि त्यांत पाकिस्तान हा पूर्व भूमध्य विभागात होता. या विभागाचे कार्यालय इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे होते, तर भारत आग्नेय आशिया विभागात, म्हणजे नवी दिल्लीतील कार्यालयाच्या कक्षेत होता. परिणामी पद्मेच्या दोन बाजूंना एकच भाषा बोलणारी आणि एकमेकांकडे सतत ये-जा करणारी गावे कागदोपत्री वेगवेगळ्या आरोग्यविभागांत मोडत होती. स्वतंत्र सदस्य झाल्यावर बांगलादेश आग्नेय आशिया विभागात आला, आणि ज्या रोगाचे मार्ग पश्चिम बंगाल, आसाम आणि बांगलादेश यांना जोडत होते त्याचा माग काढण्याची जबाबदारी प्रथमच एका विभागीय कार्यालयाकडे गेली. शिवाय १९६९ मध्ये संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार पटकी, प्लेग, पीतज्वर आणि देवी या चार रोगांचा रुग्ण आढळल्यास चोवीस तासांत संघटनेला कळवणे सदस्य देशांवर बंधनकारक होते. ही खबर देण्याचे कर्तव्य आणि इतरांकडून ती मिळण्याचा हक्क, दोन्ही ढाक्यातील सरकारला सदस्य या नात्यानेच पूर्णपणे प्राप्त होणार होते. लस आणि तज्ज्ञ मदतकार्याच्या रूपाने सदस्यत्वाशिवायही पोहोचू शकतात, परंतु मदत घेणारा प्रदेश आणि स्वतःच्या नावाने अहवाल देणारे, विभागीय समितीत बसून धोरण ठरवणारे राष्ट्र यांत फार मोठे अंतर आहे.

सदस्यत्वाने देवी थांबली नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९७३ मध्ये बांगलादेशात बत्तीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. हळूहळू मोहिमेने जोर धरला : सरसकट लसीकरणावर विसंबण्याऐवजी घरोघर शोध घेऊन रुग्ण हुडकायचा, त्याच्या घरावर पहारा बसवायचा आणि आसपासच्या प्रत्येक माणसाला दुभागलेल्या टोकाच्या सुईने लस टोचायची, ही पद्धत गावोगाव राबवली गेली, आणि ऑक्टोबर १९७४ पर्यंत रोगग्रस्त गावांची संख्या शंभराच्या आत आली. त्याच वर्षी मोठा पूर आला, पुरामागून दुष्काळ आला, भुकेलेली माणसे अन्नाच्या शोधात शहरांकडे लोटली, आणि १९७५ च्या सुरुवातीस सरकारने ढाक्यातील झोपडवस्त्या हटवल्यावर त्याच माणसांबरोबर देवी पुन्हा खेड्यांत पसरली. वसंत ऋतूत रोगग्रस्त गावे हजाराच्या वर गेली. आरोग्यखात्याला न विचारता घेतलेल्या एका प्रशासकीय निर्णयाने कित्येक महिन्यांच्या कष्टावर पाणी पडले, आणि या घटनेकडे इतिहासकारांनी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले नाही.

या उद्रेकाच्या अखेरच्या टप्प्यात विभागीय रचनेचा उपयोग दिसून आला. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज येथे आढळला, आणि तो संसर्ग सीमेपलीकडच्या सिल्हेट भागातून आलेला असल्याचे शोधून काढण्यात आले. ढाक्यात स्टॅनली फॉस्टर यांच्यासारखे संघटनेचे तज्ज्ञ, पण प्रामुख्याने हजारो बांगलादेशी आरोग्यसेवक, गावे पिंजून काढत होते. रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते आणि रुग्ण कमी होत गेले तशी त्याची रक्कम वाढवण्यात येत होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये आशियातून देवी संपल्याची घोषणा होते न होते तोच भोला बेटावरील कुरालिया गावातून एका नव्या रुग्णाची तार आली. रहिमा बानू नावाच्या या चिमुकल्या मुलीला १६ ऑक्टोबर रोजी पुरळ उठले होते, आणि तिची खबर देऊन बक्षीस मिळवणारी व्यक्ती गावातलीच एक आठ वर्षांची मुलगी होती. रहिमा बरी झाली. देवीच्या तीव्र प्रकाराचा, ज्याला शास्त्रात व्हॅरिओला मेजर म्हणतात, जगातील नैसर्गिक संसर्गाचा हा शेवटचा रुग्ण ठरला.

शेवटच्या रुग्णानंतर किमान दोन वर्षे कडक शोध घेऊन, मगच बाहेरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने एखाद्या देशाला देवीमुक्त ठरवावे, असा संघटनेचा दंडक होता. त्यानुसार पाकिस्तानची तपासणी डिसेंबर १९७६ मध्ये पूर्ण झाली, तर बांगलादेशाची डिसेंबर १९७७ मध्ये, आणि दोन्ही देशांच्या प्रमाणपत्रांसाठी दोन स्वतंत्र आयोग नेमले गेले. १९७० मध्ये ज्या भूभागाची आकडेवारी पाकिस्तानच्या नावाखाली अलेक्झांड्रियाला जात होती, त्याचा सविस्तर अहवाल या आयोगापुढे बांगलादेशाच्या आरोग्य मंत्रालयाने स्वतःच्या नावाने सादर केला.