परसदारी उभ्या बाया

मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान 'यमुनापर्यटन'ला देतात. बाबा पदमनजींचं हे पुस्तक 1857 चं, हिंदू विधवांच्या स्थितीवरचं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1855 मध्ये, 'ज्ञानोदय'त मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध छापून आला होता. मुक्ता मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिनं बाळंतिणीचं दुःख मांडलं: घरावर छप्पर नाही, वरून पाऊस आणि थंडी. जात, गरिबी आणि बाईपण या तिन्ही गोष्टी तिच्या त्या एका निबंधात एकत्र आल्या. पुढची शंभरेक वर्षं मराठी साहित्यानं त्या वेगवेगळ्या करून टाकल्या, असं मला वाटतं.

बाईचं दुःख म्हटलं की विधवा, बालविवाह, केशवपन. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (1882), रमाबाई रानड्यांच्या आठवणी (1910), 'कळ्यांचे निःश्वास' (1933) या पुस्तकांशिवाय आपण कुठल्या कुठे राहिलो असतो. पण या घरांत सरपण टाकायला, शेण उचलायला येणारी बाई कोण, तिच्या घरी काय शिजतं, हे या लेखनात सहसा येत नाही. विभावरी शिरूरकर 'बळी'त (1950) सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये शिरल्या, तो मोठाच अपवाद.

साठोत्तरी काळात बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती'पासून (1963) चित्र पालटलं. त्यांच्या 'आई' कथेतल्या विधवेला देह आहे, इच्छा आहे, आणि ते पाहून मुलगा बिथरतो. दलित साहित्यात आई बहुधा राबणारी, सोसणारी, देवासारखी. बागुलांनी तिला माणूस राहू दिलं. 1978 मध्ये 'बलुतं' आलं आणि आत्मकथनांची वाट खुली झाली, तरी सांगणारा बहुतेक वेळा पुरुषच होता.

म्हणून बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' मला फार महत्त्वाचं वाटतं. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी ते लिहिलं, घरच्यांपासून लपवून. त्यात लाकडाच्या मोळ्या विकायला गेलेल्या महार बायकांचा एक प्रसंग आहे. ब्राह्मणाघरची बाई त्यांना बजावते, लाकडं नीट बघा, एखादा केस, लुगड्याचा एखादा धागा अडकलेला राहिला तर आमचं घर बाटेल. मग या बाया एकेक लाकूड निरखून परसदारी रचून देतात. हरिभाऊंच्या कादंबरीत जिच्यासाठी आपला जीव तुटतो, तीच बाई इथं दाराच्या पलीकडून हुकूम सोडते. दोघीही खऱ्या आहेत. मराठी वाचकाला त्या एकाच अंगणात दिसायला मात्र 1980 चं दशक उजाडावं लागलं.

बेबीताई तिथंच थांबत नाहीत. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात आपल्याच वस्तीतले लोक लाकडी खोडा घालत, सुनांची नाकं कापली जात, हेही त्या लिहितात. आपल्या माणसांची लक्तरं वेशीवर टांगू नयेत, हा दबाव चळवळीतल्या बाईवर किती असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पानांची किंमत कळेल.

याच सुमारास कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' आणि शांताबाई कांबळ्यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आली. 1989 मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मधून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं.

एक गोष्ट मात्र बेबीताईंनी पुस्तकाबाहेर ठेवली: स्वतः खाल्लेला नवऱ्याचा मार. पुस्तक समाजाचं आहे, माझं एकटीचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती हकीकत पुढं त्यांच्या अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत आली. उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये (2003) हा पडदाही ठेवला नाही. डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, आयदानं विणून पोरं वाढवणारी आई, आणि बायकोचं शिकणं-लिहिणं खुपणारा नवरा, हे सगळं त्यांनी एकाच पुस्तकात, आपल्या नावानिशी लिहिलं.