पोटात एक असताना दुसरं राहतं का?

जगात दरवर्षी सुमारे १६ लाख जुळ्या जोड्या जन्मतात. जन्मणाऱ्या दर ४२ मुलांत एक जुळ्यातलं असतं. त्यांपैकी साधारण १५ टक्के जोड्यांमध्ये दोन बाळांच्या वजनात २० टक्क्यांहून जास्त तफावत निघते. हिशेब केला तर अशा जोड्या वर्षाला २ लाख ४० हजारांच्या घरात जातात. आता तिसरा आकडा. आधीच गरोदर असलेल्या बाईला त्याच गरोदरपणात पुन्हा दिवस गेले, असं ज्यांच्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकांनी नोंदवलं आहे, अशा माणसांतल्या घटना आजवरच्या सगळ्या मिळून दहाच्या आसपास भरतात. याला सुपरफिटेशन म्हणतात. गर्भावर गर्भ.

दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवण्याला कारण आहे. घराघरांत हा प्रश्न उठतो तो बहुतेक वेळा जुळ्यांच्या सोनोग्राफीचा कागद हातात पडल्यावर. त्यावर दोन्ही बाळांपुढे वेगवेगळे आठवडे छापलेले असतात. एकापुढे ३४, दुसऱ्यापुढे ३१. घरची मंडळी बोटं मोजतात: तीन आठवडे मागे म्हणजे अमुक तारीख, तेव्हा तर पोटात पहिलं होतंच! पुढे कुजबुज सुरू होते, आणि ती कोणाबद्दल असते हे सांगायला नको.

यंत्राने काय केलेलं असतं ते पाहा. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून त्याने वजनाचा अंदाज बांधला. समजा मोठं बाळ २.४ किलो आणि धाकटं १.८ किलो. फरक ०.६ किलोचा, म्हणजे मोठ्याच्या वजनाच्या २५ टक्के. सरासरीच्या तक्त्यात २.४ किलो हे साधारण ३४ व्या आठवड्याचं वजन आहे आणि १.८ किलो ३१ व्या आठवड्याच्या आसपासचं. यंत्र तक्त्यातला तोच आठवडा छापून देतं. तो आकडा बाळाच्या आकारमानाचा आहे. गर्भ कोणत्या तारखेला राहिला याची साक्ष त्यात नाही. शिवाय शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफीवरून काढलेली गर्भाची मुदत तीन-चार आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे ज्या तीन आठवड्यांवरून घरात वादळ उठलं, ते यंत्राच्या नेहमीच्या चुकीतच मावतात. पहिल्या तीन महिन्यांत ही चूक पाच ते सात दिवसांचीच असते, म्हणून मुदत ठरवायची ती तेव्हाच्या सोनोग्राफीवरून, आणि जुळ्यांत सहसा मोठ्या गर्भाचं माप धरून.

धाकटं बाळ मागे का पडतं, याची कारणं साधी आहेत. वारेचा वाटा दोघांना सारखा मिळत नाही. एकाची नाळ वारेच्या कडेला चिकटलेली असते. एकच वार वाटून घेणाऱ्या जुळ्यांपैकी १० ते १५ टक्क्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळतं. हा धोका खरा आहे आणि त्यावर वेळेत उपचार लागतो. दोन बीजांडांपासून झालेली जुळी तर मुळात दोन सख्खी भावंडंच असतात. एक अंगाने थोराड, एक किरकोळ, हे पोटाबाहेरच्या भावंडांत आपण मुकाट्याने मान्य करतोच.

पण प्रश्न मुळातून पाहू. गरोदरपणात पुन्हा गर्भ राहायचा तर दाराचे तीन अडसर एकाच वेळी निघावे लागतात.

पहिला अडसर बीजांडाचा. बीजांड सुटण्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असतं. सुटल्यावर ते ५ ते २० वर जातं आणि गरोदरपणाच्या शेवटी शंभर-दोनशेच्या घरात पोचतं. इस्ट्रोजेनही चढतं. मेंदूला या दोहोंचा निरोप असा, की नवं बीजांड पिकवू नका. गर्भनिरोधक गोळी नेमकी याच वाटेने काम करते, आणि त्या गोळीचा उगमही याच प्रश्नात आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे शरीरशास्त्रज्ञ लुडविग हाबरलांट यांनी गाभण सशिणींचे बीजांडकोश काढून दुसऱ्या सशिणींच्या अंगात बसवले. त्या सशिणी काही काळ गाभण राहीनाशा झाल्या. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गाभण जनावर पुन्हा गाभण का राहत नाही, याचं उत्तर शोधताना माणसाच्या हाती गर्भनिरोधनाचं तत्त्व लागलं.

दुसरा अडसर गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथला स्राव घट्ट होऊन बूच बसतं आणि शुक्राणूंना वर जायला वाट उरत नाही. एरवी शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीजांड मात्र जेमतेम १२ ते २४ तास.

तिसरा अडसर आतल्या अस्तराचा. फलित बीजांड रुजायला अस्तर महिन्यातून चार-पाच दिवसच तयार असतं, अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात साधारण २० व्या ते २४ व्या दिवसाच्या दरम्यान. एक गर्भ रुजला की ते रूप बदलतं. पुढे गर्भाची पिशवी वाढत वाढत चौथ्या महिन्याच्या सुमारास समोरच्या भिंतीला टेकते आणि गर्भाशयातली पोकळी संपते. तेव्हा जे काही घडायचं ते पहिल्या काही आठवड्यांतच. नोंदवलेल्या घटनांत दोन गर्भांतलं अंतर बहुधा दोन ते चार आठवड्यांचं आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा दिवस गेल्याच्या गोष्टी ऐकायला रंगतदार असतात, एवढंच.

मग त्या दहा-एक घटना कशावर टिकतात? सुरुवातीच्या मापांवर. सातव्या आठवड्यात गर्भ डोक्यापासून ढुंगणापर्यंत सुमारे १० मिलिमीटर असतो, दहाव्यात ३२ च्या आसपास, बाराव्यात ५५ च्या. पहिल्या सोनोग्राफीत एक गर्भ ३२ आणि दुसरा १० मिलिमीटरचा, दोघांचे ठोके व्यवस्थित आणि पुढे दोघांची वाढ आपापल्या गतीने पण तेच अंतर राखून, असं दिसलं तर डॉक्टर कान टवकारतात. बाराव्या आठवड्यात पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर तो जेमतेम तीन दिवसांचा होतो. त्यावरून कोणी काही ठरवू नये. एवढं सगळं जुळूनही शंका पुरती फिटत नाही, कारण रोडावलेला गर्भही पहिल्या महिन्यांत लहानच दिसतो. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अशा एका जुळ्या जोडीची बातमी जगभर फिरली. अंतर तीन आठवड्यांचं सांगितलं गेलं, आणि आईने बीजांड पिकवणारं औषध घेतलेलं होतं.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. अलीकडच्या घटनांत वंध्यत्वावरचे उपचार पुन्हा पुन्हा दिसतात. औषधांनी बीजांडकोशाला बाहेरून हाकललं की पहिला अडसर सैल होतो; बाहेर तयार केलेला गर्भ नळीने आत ठेवला की दुसरा ओलांडला जातो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात एका सरोगेट मातेने दोन बाळांना जन्म दिला. दोन्ही बाळं कराराच्या जोडप्याची समजली गेली; डीएनए तपासणीत एक बाळ तिचं स्वतःचं निघालं. तिथे नैसर्गिक गर्भ आधी राहिला की नंतर, की दोन्ही एकाच चक्रातले, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

एकाच चक्रातला हा प्रकार वेगळा धरायला हवा, कारण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. एका चक्रात दोन बीजांडं सुटली आणि ती वेगवेगळ्या दिवशीच्या संबंधांतून फलित झाली, तर ते गरोदरपणात गर्भ राहणं होत नाही. अडसर लागण्याआधीच सगळं उरकलेलं असतं. अशा वेळी जुळ्यांचे बाप दोन असू शकतात. १८१० मध्ये जॉन आर्चर या अमेरिकी डॉक्टरांनी अशा जुळ्यांची नोंद केली होती. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पितृत्व-चाचण्यांच्या ३९,००० नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत अशा जोड्या निघाल्या तीन. म्हणजे १३,००० नोंदींत एक. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आहे २.४ टक्के, आणि तोच जास्त उचलला जातो. पण ते २.४ टक्के कशाचे? पितृत्वावरून वाद झालेल्या, दोन बीजांडांच्या जुळ्यांचे. तीन भागिले २.४ टक्के केलं तर सव्वाशेच्या आसपास जोड्या येतात, आणि त्या आधीच वादात सापडलेल्या. चारचौघांच्या घरातल्या जुळ्यांना हा आकडा लावणं म्हणजे तुरुंगात जनगणना करून गावाची गुन्हेगारी ठरवणं.

दोन गर्भाशयांच्या बातम्याही याच गठ्ठ्यात येऊन पडतात. हजारात सुमारे तीन स्त्रियांची जन्मतःच दोन स्वतंत्र गर्भाशयं असतात. बांगलादेशातल्या जेशोरकडच्या एका तरुणीला २०१९ च्या फेब्रुवारीत मुदतीआधी मूल झालं. २६ दिवसांनी पुन्हा पोटात कळा आल्या आणि जुळी जन्मली. ती जुळी दुसऱ्या गर्भाशयात आधीपासूनच वाढत होती, कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं इतकंच. अंतर पडलं ते जन्मांत.

काही प्राण्यांत मात्र हे खरोखर घडतं. युरोपातल्या रानसशाबद्दल ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. बर्लिनच्या संशोधकांनी २०१० मध्ये सोनोग्राफी लावून ते सिद्ध केलं: ४२ दिवसांच्या गर्भकाळात, विण्याच्या चारेक दिवस आधी मादी पुन्हा गाभण राहते. ऑस्ट्रेलियातली कांगारूसारखी स्वॉम्प वॉलबी विण्याच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा गाभण राहते. तिला दोन गर्भाशयं असतात, म्हणून हे जमतं. लक्षात घ्यायचं ते असं की दोघींतही नवा गर्भ जुन्याच्या अगदी शेवटी राहतो, माणसातल्या घटनांच्या बरोबर उलट टोकाला.

गरोदरपणात अंगावरून जाणं हीही एक फसगत आहे. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी जवळजवळ एका बाईला थोडंफार जातं. ती पाळी समजली की दिवस महिनाभर उशिरा गेल्याचा हिशेब मांडला जातो, आणि मग सोनोग्राफीत बाळ मोठं दिसलं की पुन्हा तोच गोंधळ. यात दुसरा गर्भ कुठेच नसतो. अंगावरून गेलं तर तपासून घ्यायचं ते वेगळ्या कारणांसाठी.

ज्या बायका हा प्रश्न विचारतात त्यांना बहुधा नको असलेल्या गर्भाची भीती असते. त्या भीतीचा काळ बाळंतपणानंतर सुरू होतो. जी बाई अंगावर पाजत नाही, तिचं बीजांड बाळंतपणानंतर २५ व्या दिवशीही सुटू शकतं. म्हणजे सव्वा महिना पुरा व्हायच्या आधी. पाळी बीजांडानंतर दोन आठवड्यांनी येते, तेव्हा "अजून पाळी कुठे आली" हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. गर्भपात झाल्यावर तर दोन आठवड्यांतही बीजांड सुटतं. पाजणाऱ्या बाईला संरक्षण मिळतं, शंभरात दोनपेक्षा कमी जणींना दिवस जातात, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध. वरचं दूध, पाणी, बाळगुटी सुरू झाली की शंभरात दोनचा आकडा धरून बसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन बाळंतपणांमधला वेळ मोजताना म्हणते की मूल झाल्यावर पुढचे दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. तांबी बसवायची असेल तर ती सरकारी दवाखान्यांत बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवून मिळते. त्याबद्दल गरोदरपणातच विचारून ठेवता येतं.