विश्लेषण : नंबर तोच, कंपनी दुसरी! तीन दिवसांत पोर्टिंग कसे होते?

पनवेल शहरात पूर्ण रेंज देणारे सिम प्रबळगडाच्या पायथ्याशी, मालडुंगेकडे तसेच चालेल याची खात्री नसते. तरीही बँक आणि आधारला जोडलेला नंबर हातचा जाईल, या भीतीने अनेक जण कंपनी बदलत नाहीत. नियम पाहिले तर ही भीती अनाठायी ठरते.

सात दिवसांचे तीन कसे झाले?

देशभरात पोर्टिंग २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाले. तेव्हा कोड आधी मिळे, तपासणी नंतर होई. त्यामुळे बरेच दिवस थांबूनही नकार पदरी पडे. १६ डिसेंबर २०१९ पासून ‘ट्राय’ने हा क्रम उलटा केला. आता मध्यवर्ती यंत्रणा जुन्या कंपनीच्या नोंदी लगेच तपासते आणि मगच कोड देते. त्याच सर्कलमध्ये तीन, तर दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजाचे दिवस लागतात.

छोट्या कंपन्यांचे काय?

अमेरिकेत लँडलाइन नंबर एका दिवसात हलवण्याचा नियम मोठ्या कंपन्यांना ऑगस्ट २०१० मध्ये लागू झाला. लहान, ग्रामीण कंपन्यांना तयारीसाठी फेब्रुवारी २०११ पर्यंत सवलत होती. भारतात सर्वांना एकच नियम आहे. मात्र मधली यंत्रणा सामायिक असल्याने प्रत्येक कंपनीला इतर सर्वांशी वेगळी जोडणी करावी लागत नाही. २०१८ मध्ये एअरसेलने महाराष्ट्रासह सहा सर्कलमधील सेवा गुंडाळली, तेव्हा ‘ट्राय’ने १० मार्चपर्यंत कोड देत राहण्यास सांगितले. कंपनी बुडाली तरी वेळेत पोर्ट केलेले नंबर वाचले.

कोड का नाकारला जातो?

सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण नसणे, पोस्टपेडचे बिल थकलेले असणे किंवा सिम दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज प्रलंबित असणे, ही मुख्य कारणे. सिम बदलून फसवणूक होऊ नये म्हणून १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली. हरवलेले वा बिघडलेले सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही.

काय कराल?

इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ लिहून एक जागा सोडा, पुढे आपला दहा आकडी नंबर टाका आणि त्याच नंबरवरून १९०० वर एसएमएस करा. महाराष्ट्रात कोड चार दिवसच चालतो. तो नव्या कंपनीच्या अधिकृत दुकानातच सांगा. फोनवर विचारणाऱ्या अनोळखी व्यक्तीला नको. प्रीपेडची शिल्लक नव्या सिमवर येत नाही. त्यामुळे वर्षभराचा रिचार्ज मारण्याआधीच कंपनी बदलायची की नाही, हे ठरवलेले बरे.