सामाजिक सेवांसाठीचे अनुदान : नियमपालन आणि निष्पत्ती-मापन यांचा परस्परसंबंध

बीजसंज्ञा : स्वयंसेवी संस्था, अनुदान, नियमपालन, निष्पत्ती, प्रशासकीय खर्च

1. प्रस्तावना

अनुदानावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पैसा कोठे गेला, हा पहिला प्रश्न. त्या पैशाने लोकांच्या जीवनात काय बदलले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नियमपालनातून मिळते, दुसऱ्याचे निष्पत्ती-मापनातून. पहिल्या प्रश्नासाठी लेखापरीक्षक, विहित नमुने आणि मुदती ठरलेल्या असतात. दुसरा प्रश्न मात्र बहुधा वार्षिक अहवालातील छायाचित्रांवर आणि लाभार्थींच्या संख्येवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखात या दोहोंचा संबंध तपासला असून, मापनाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हा वरकरणी हिशेबी वाटणारा प्रश्नच मापनाचे भवितव्य ठरवितो, असे प्रतिपादन केले आहे. अनेक प्राध्यापक संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर असतात आणि समाजकार्य, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांकडे मूल्यमापनाचे कामही येते. म्हणून हा विषय महाविद्यालयीन वर्तुळाबाहेरचा नाही.

2. संकल्पना

कोणत्याही सेवाकार्यात चार पायऱ्या दिसतात : निविष्टी, कृती, प्रत्यक्ष काम आणि निष्पत्ती. निधी व मनुष्यबळ ही निविष्टी. प्रशिक्षण, गृहभेटी ही कृती. किती भेटी झाल्या, किती बालके तपासली हे प्रत्यक्ष काम. आणि बालमृत्यू घटले का, मूल वाचू लागले का, ही निष्पत्ती. ‘अध्ययन निष्पत्ती’ या शब्दप्रयोगामुळे ही शेवटची संज्ञा शिक्षकांना परिचित आहे. किती तासिका घेतल्या यावरून विद्यार्थी काय शिकला हे जसे कळत नाही, तसेच किती शिबिरे भरविली यावरून आरोग्य सुधारले का हे कळत नाही.

3. दोन उदाहरणे

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. सेवा देण्याची 39 गावे आणि तुलनेसाठीची 47 गावे निवडून 1993 ते 1995 या काळात आधारभूत नोंदी घेतल्या व त्यानंतर सेवा सुरू केली. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी सेवाक्षेत्रातील 93 टक्के नवजात बालकांना सेवा मिळाली होती. हे झाले प्रत्यक्ष काम. त्याच वर्षी नवजात मृत्युदर सेवाक्षेत्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 25.5, तर तुलनाक्षेत्रात 59.6 होता. ही झाली निष्पत्ती. तुलनेची गावे नसती, तर ही घट सेवेमुळे झाली की काळाच्या ओघात आपोआप झाली, हे सांगता आले नसते. पुढे केंद्र शासनाने 2011 मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशपातळीवर स्वीकारली.

दुसरे उदाहरण ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे. मुंबई व बडोदा येथील शाळांमध्ये 2001 ते 2003 या काळात झालेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षाअखेर चाचणीतील गुण सरासरी 0.28 प्रमाण विचलनाने वाढल्याचे दिसले. उपक्रम संपल्यावर एका वर्षाने ही वाढ सुमारे 0.1 पर्यंत उतरली होती. म्हणजे मापन केव्हा केले यावरही उत्तर अवलंबून असते. अनुदानाचा कालावधी संपताच मोजणी थांबविणाऱ्या संस्थेला ही घसरण कधीच दिसणार नाही.

4. नियमांची चौकट

भारतातील संस्थांना निधीच्या स्रोतानुसार निरनिराळे नियम लागू होतात. केंद्रीय शासकीय अनुदानासाठी सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 238 नुसार उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ठरलेली संख्यात्मक व गुणात्मक उद्दिष्टे साध्य झाली का, नसल्यास का नाही, हेही त्यात नमूद करणे अपेक्षित आहे. म्हणजे नियमाने निव्वळ खर्चापलीकडे जाण्यास सांगितले आहे. प्रमाणपत्रे भरताना मात्र हा रकाना बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबत कंपनी अधिनियम 2013 चे कलम 135 आणि 2014 चे नियम लागू होतात. ज्या कंपनीचे मागील तीन वर्षांचे सरासरी दायित्व 10 कोटी रुपये वा अधिक आहे, तिने 1 कोटी वा अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचे त्रयस्थ संस्थेकडून प्रभाव-मूल्यांकन करून घेणे 2021 च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. प्रकल्प संपल्यावर पाहणी करण्याची ही तरतूद बालसखीच्या अनुभवाशी सुसंगत आहे. तथापि, आधारभूत नोंदी पूर्वीच घेतल्या नसतील तर त्या मागाहून निर्माण करता येत नाहीत. शिवाय लहान प्रकल्प या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहतात.

परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम 2010 आहे. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि असा निधी अन्य संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई केली.

5. कळीचा मुद्दा : खर्चाचे शीर्ष

कुपोषणावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने बालकांची वजने व उंची नोंदविण्यासाठी दोन कार्यकर्त्या नेमल्या, असे समजू. कंपनी निधीच्या नियमांत विशिष्ट प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी, संनियंत्रण व मूल्यमापनाचा थेट खर्च प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. परदेशी निधीच्या 2011 च्या नियमांतील नियम 5 मध्ये मात्र अहवाल लिहिण्याचा व सादर करण्याचा खर्च प्रशासकीयच मानला आहे. क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचे वेतन वगळण्याची सवलत मुख्यतः संशोधन वा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थांपुरती आहे. रुग्णालयातील डॉक्टर किंवा शाळेतील शिक्षक यांच्याप्रमाणे उद्दिष्टपूर्तीसाठी थेट काम करणाऱ्यांचे वेतन मात्र वगळता येते.

यावरून असे दिसते की, वजन घेणे हा सेवेचाच भाग असेल, त्यावरून त्या बालकाला आहार वा उपचार दिले जात असतील, तर तो खर्च कार्यक्रमाचा ठरण्यास सबळ आधार आहे. केवळ पाहणीसाठी नेमलेल्या कार्यकर्तीचे वेतन मात्र वादाचा विषय होऊ शकते. तुलनेच्या गावांत तर संस्था कोणतीच सेवा देत नाही. तेथील मोजणीला सेवेचा आधारही नाही. परिणामी, गडचिरोलीच्या प्रयोगाला ज्यामुळे विश्वासार्हता लाभली, तीच गोष्ट खर्चमर्यादेच्या दडपणाखाली प्रथम गळून पडण्याचा संभव असतो. संस्था नियमात बसते, पण तिच्या कामाचा पुरावा नाहीसा होतो.

6. उपाययोजना

पहिली गोष्ट म्हणजे मापन सेवेच्या नोंदवहीतच गुंफावे. एकाच नोंदीतून हिशेब, सेवा व निष्पत्ती यांची माहिती निघावी. दुसरे, अनुदानाच्या प्रस्तावातच मापनाचा खर्च कार्यक्रमाच्या शीर्षाखाली स्वतंत्रपणे मांडावा व त्यास लेखी मंजुरी घ्यावी. तिसरे, प्रत्येक टक्केवारीचा छेद लिहावा : ‘40 बालके सुधारली’ हे विधान किती बालकांपैकी हे कळल्याखेरीज निरर्थक होय. चौथे, अपयशाची नोंद टाळू नये. नियम 238 ने कारणे देण्यास स्वतःहून वाव ठेवला आहे. पाचवे, तुलनाक्षेत्रातील मोजणी महाविद्यालयांनी आपल्या संशोधन प्रकल्पांतून व स्वतःच्या निधीतून करावी. संस्थेला त्यातून त्रयस्थ पुरावा मिळेल आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याचे खरे शिक्षण. मात्र तेथे आढळलेल्या आजारी बालकाला आरोग्यकेंद्रात पोहोचविण्याची व्यवस्था आधीच केलेली असावी.

7. समारोप

नियमपालन हे विश्वस्तवृत्तीचे किमान लक्षण आहे, तिची परिपूर्ती नव्हे. ज्याच्या नावे अनुदान येते, त्या व्यक्तीला हिशेब जुळला याचे समाधान पुरत नाही. प्रशासकीय खर्चावर मर्यादा घालण्याचा हेतू निधी लोकांपर्यंत पोहोचावा हा आहे. पोहोचून काय झाले हे तपासण्याचा खर्चही त्याच हेतूचा भाग मानला जावा. नियमांची व्याख्या त्या दिशेने स्पष्ट होईपर्यंत ही तपासणी जिवंत ठेवण्याची जबाबदारी संस्था आणि महाविद्यालये यांनी वाटून घेणे इष्ट ठरेल.