व्हँडेलियाचा आमदार

व्हँडेलिया (इलिनॉय) : लिंकन पाहायचा म्हणून लोक वॉशिंग्टनला त्या संगमरवरी पुतळ्यासमोर जाऊन उभे राहतात. पण अमेरिकेतलं राजकारण कसं चालतं ते समजून घ्यायचं, तर हे आडबाजूचं गाव जास्त कामाचं. 1839 पर्यंत राज्याची राजधानी इथं होती. 1836 साली घाईघाईनं उभारलेलं पांढरं विधानभवन अजून शाबूत आहे.

लिंकन आमदार झाला 1834 मध्ये, पंचविसाव्या वर्षी. तेव्हा तो न्यू सेलम या खेड्याचा पोस्टमास्तर होता, जमीनमोजणीही करायचा. दुकान बुडालेलं, डोक्यावर कर्ज. मतदान तेव्हा उघड असे. मतदारानं सर्वांदेखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. निवडून आल्यावर अडचण कपड्यांची. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून 200 डॉलर उसने घेतले, त्यातले 60 सुटावर खर्चले आणि गडी टपालाच्या घोडागाडीत बसला. भत्ता दिवसाला 3 डॉलर. त्याच सुमारास देणेकऱ्यापायी त्याचा घोडा आणि मोजणीची अवजारं लिलावात निघाली. एका शेजाऱ्यानं ती घेऊन त्याला परत दिली.

सभागृहातली कामं आपल्या जिल्हा परिषदेत शोभतील अशी. रस्ता कुणाच्या शेतातून न्यायचा, नदीवर पूल बांधून टोल कुणी घ्यायचा. सॉल्ट क्रीकवरच्या अशाच एका टोलपुलाचं विधेयक लिंकननं मांडलं होतं. मात्र 1837 मध्ये या मंडळींनी मोठीच उडी घेतली. रेल्वे, कालवे, नद्या यांसाठी सुमारे एक कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, आणि ज्या काउंट्यांच्या वाट्याला यातलं काहीच येत नव्हतं त्यांची समजूत काढायला 2 लाख डॉलर रोख! लिंकन या योजनेचा खंदा समर्थक. त्याच वर्षी मंदी आली, कामं अर्धवट पडली आणि पुढं राज्याला कर्जाचं व्याजही भरता येईना.

त्याच अधिवेशनात राजधानी स्प्रिंगफील्डला हलवायचं ठरलं. लिंकन धरून सँगमन काउंटीचे नऊ प्रतिनिधी, सगळे ताडमाड उंच, यासाठी झटत होते. कालव्यांना मतं देऊन त्यांनी राजधानी पदरात पाडून घेतली, असा आरोप विरोधकांनी केला. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. मला तो खोटा वाटत नाही, आणि फारसा लाजिरवाणाही वाटत नाही.

1840 मध्ये तर सभागृहाची गणपूर्ती होऊ नये म्हणून लिंकननं दोघा-तिघांसह खिडकीतून उडी मारली. उपयोग शून्य, कारण हजेरी आधीच मोजून झाली होती. हे जुनं दुखणं म्हणावं, तर ऑगस्ट 2025 मध्ये टेक्ससचे डेमोक्रॅट आमदार मतदारसंघांच्या फेररचनेवर मतदान होऊ नये म्हणून राज्य सोडून पळाले आणि त्यातले बरेचसे आले ते नेमके इलिनॉयमध्येच. टेक्ससच्या 150 जणांच्या सभागृहात कामकाजाला 100 हजर लागतात.

1837 च्या जानेवारीत याच व्हँडेलियात गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव प्रचंड बहुमतानं संमत झाला. विरोधात सहाच मतं, त्यात लिंकनचं एक. गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असं त्यानं लेखी नोंदवलं. मात्र गुलामगिरीविरोधी प्रचारानं दुखणं वाढेल, हेही त्याच कागदात लिहिलं. तो कागद दाखल झाला 3 मार्चला, राजधानीचा निकाल 28 फेब्रुवारीला खिशात पडल्यानंतर. सही करायला सोबत एकच सहकारी होता, डॅन स्टोन.